‘हाताला चव’ म्हणजे नेमकं काय?

जुझो इतामी या जपानी दिग्दर्शकाचा ‘तांपोपो’ (१९८५) हा सिनेमा रामेनबद्दल आहे. तांपोपो ही विधवा बाई, तिचा लहान मुलगा, जेमतेम चालणारं रामेनचं दुकान. एका पावसाळी रात्री गोरो हा ट्रक ड्रायव्हर तिथे जेवायला येतो आणि पुढे तिला उत्तम रामेन करायला शिकवण्याचं मनावर घेतो. काऊबॉयच्या सिनेमात परका वीर गावाला वाचवायला येतो तसंच हे, म्हणून याला ‘रामेन वेस्टर्न’ म्हटलं गेलं.

सुरुवातीलाच एक म्हातारा उस्ताद तरुणाला रामेन कसं खायचं ते शिकवतो. आधी नुसतं बघायचं. मग चॉपस्टिकने हळुवार गोंजारायचं. मांसाचा काप बाजूला ठेवताना त्याला मनात म्हणायचं, लवकरच भेटू. आपण हसतो, पण पुढचा वाडगा समोर येतो तेव्हा त्याच नजरेने बघू लागतो.

बार्शीत बसून फोनवर हा सिनेमा बघताना मला हुलग्याचे शेंगोळे आठवत राहिले. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट घालून घट्ट मळायचं, तळहातावर लांबट वळायचं, फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. रामेनच्या गव्हाच्या शेवयांना कान्सुई नावाचा, आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार लागतो. त्यानेच त्या पिवळसर आणि चिवट होतात. हुलग्याला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे शेंगोळा रश्शात विरघळू न देणं हे वळणारीचं कसब. पण आपण त्याला कसब म्हणत नाही. आपण म्हणतो, हिच्या हाताला चव आहे.

हा सिनेमा मला आवडतो तो इथे. तांपोपोच्या हाताला चव नाही. तिचं रामेन मनापासून केलेलं आहे, पण त्यात दम नाही, असं तिला तोंडावर सांगितलं जातं. मग ती जड भांडी उचलायचा सराव करते, घड्याळ लावून काम करते, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी लक्षात ठेवायला शिकते, दुसऱ्यांच्या दुकानांतली युक्ती हेरते. शेवटी पाच पुरुष वाडगे तोंडाला लावून रस्सा तळापर्यंत पितात. दुकानाच्या पाटीवर तिचं नाव लागतं. चव शिकावी लागते, तिला वेळ आणि पैसा लागतो, हे या सिनेमाइतकं आनंदाने सांगणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. परीक्षक मात्र सगळे पुरुषच, ही गोष्ट खटकते.

सिनेमात आणखी एक स्वयंपाकघर आहे. नवरा धावत घरी येतो. बायको मरणाच्या दारात, उशाशी डॉक्टर, भोवती मुलं. तो तिला ओरडून सांगतो, ऊठ, जेवण कर. ती उठते, परतलेला भात करते, सगळे खाताना बघून हसते आणि कोसळते. नवरा रडत मुलांना म्हणतो, गरम आहे तोवर खा. बरेच जण या प्रसंगाकडे मातृप्रेमाची कथा म्हणून बघतात. मला तो आरोप वाटतो. तिच्या भाताची परीक्षा कुणी घेतली नाही, कारण तिनं तो करणं गृहीतच होतं. आपल्याला तिचं नावही कळत नाही.

म्हणूनच शेवट मला कमजोर वाटतो. श्रेयनामावली सरकत असताना बाळाला पाजणारी आई दिसते. दृश्य सुंदर आहे, पण दोन तास ‘भरवणं शिकावं लागतं’ हे सांगून झाल्यावर इतामी जाताजाता ‘भरवणं बाईला उपजतच येतं’ असं सुचवून जातो.

तरीही हा सिनेमा जरूर बघा. नंतर घरी कुणाचे शेंगोळे आवडले, तर हाताच्या चवीचं कौतुक करून थांबू नका. पीठ किती घट्ट मळलं, पाणी केव्हा उकळलं, हे विचारा. आणि पुढच्या वेळी मळायला स्वतः बसा.