‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’

मुंबईत 1984 साली ‘रॉक मशीन’ नावाचा पाश्चात्त्य धर्तीचा एक वाद्यवृंद उभा राहिला. 1993 मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले, 1997 मध्ये तो विखुरला आणि 2010 मध्ये पुन्हा एकत्र आला. ज्या पृष्ठांवर भजनांच्या चाली, नाट्यपदे आणि कोंकणी ओव्या यांची चर्चा व्हावयाची, तेथे विजेच्या गिटारींचा हा कल्लोळ कशाला, असे वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, या वाद्यवृंदाचे प्रमुख गायक उदय बेनेगल आणि प्रमुख गिटारवादक महेश तिनईकर. ही आडनावे कानी पडताच आमच्या वाचकांपैकी कित्येकांना सोयऱ्याधायऱ्यांची आठवण व्हावी. अशा नावांच्या तरुणांनी अमेरिकेत वाढलेल्या संगीताच्या पायी उमेदीची वर्षे वेचली. तेव्हा त्यांनी जे निर्माण केले त्याला ‘आमगेले’ म्हणता येईल की नाही, हा प्रश्न आम्हांस परका वाटत नाही.

दुसरे कारण आमच्या वस्तीशी निगडित आहे. आम्ही हे सुरतेच्या पांडेसऱ्यात बसून लिहीत आहो. यंत्रमागावर विणलेले कोरे कापड, ज्याला येथे सर्वजण ‘ग्रे’ म्हणतात, ते रंगाई-छपाईच्या मिलमध्ये येते आणि साडी होऊन बाहेर पडते. कापड सुरतेचे, घाम खानदेशातून, ओडिशातून, उत्तरेतून आलेल्या माणसांचा. नक्षी मात्र कोठलीही असू शकते. एक नक्षी बाजारात चालली की तिच्यासारखी दुसरी निघावयास वेळ लागत नाही. गणेशोत्सवात मंडपापुढे जो वाद्यवृंद उभा राहतो त्याचाही व्यवहार असाच: मूळ चित्रपटगीताशी जो हुबेहूब जुळेल तो गायक मोठा. असा व्यवहार नित्य पाहणाऱ्यास ‘रॉक मशीन’ची सुरुवात समजावयास अडचण पडू नये.

ती सुरुवातही नकलेचीच होती. त्या काळी मुंबईच्या महाविद्यालयांतून जे वाद्यवृंद निघत, त्यांच्याकडून श्रोत्यांची अपेक्षा एकच: इंग्लंड-अमेरिकेतील प्रसिद्ध गाणी तबकडीवर जशी आहेत तशी वाजवून दाखवावी. धोबीतलावाजवळचे खुले नाट्यगृह रंगभवन हे या संगीताचे मोठे पीठ. 1986 पासून तेथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा मेळावा भरू लागला. (पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे त्या रंगमंचावरील असे कार्यक्रम बंद पडले. ते नाट्यगृह हरपल्याची खंत केवळ रॉकच्या चाहत्यांनीच करावी असे नाही. ‘जॅझ यात्रा’ही तेथेच भरत असे.) ज्या श्रोत्यांना नक्कल हवी होती, त्यांच्यापुढे ‘रॉक मशीन’ने स्वतःची गाणी रचून म्हणावयास आरंभ केला, आणि 1988 मध्ये ‘रॉक एन रोल रेनिगेड’ ही संपूर्ण स्वरचित गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. त्या दिवसांत हे साहस लहान नव्हते.

आता येथे आमचे भजनी मंडळ एक आक्षेप घेईल. आम्ही तर तुकोबांचे अभंग म्हणतो, पुरंदरदासांची पदे म्हणतो, एकही शब्द स्वतःचा नसतो. मग आम्हीही नक्कलच करतो काय? आक्षेप रास्त आहे. परंतु भजनात शब्द संतांचे असले तरी चाल बुवांची असते, आणि एकाच अभंगाच्या दहा गावी दहा चाली असतात. ज्याने चाल फिरविली, मध्येच एखादी ओळ घोळवून तिला नवे वळण दिले, त्याच्याकडे मान वळते. रॉक संगीताचा दंडक याच्या उलट आहे. तेथे वादकांचा समूह आपले शब्द, आपली चाल आणि आपला नाद ही तिन्ही घेऊन उभा राहतो तेव्हाच त्याची गणना होते. म्हणून ‘रॉक मशीन’ला त्याच्या स्वतःच्या दंडकाने मापले पाहिजे, आणि त्या मापाने पाहता पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तीनपैकी दोनच गोष्टी हाती लागतात.

शब्द त्यांचे आहेत, चाली त्यांच्या आहेत. नाद मात्र उसना आहे. बेनेगलांचा आवाज उंच, स्वच्छ आणि दमदार; तिनईकरांचा हात सफाईदार. तथापि गळा ज्या रीतीने ताणला आहे, इंग्रजी स्वर ज्या रीतीने उच्चारले आहेत, त्यात धोबीतलाव कोठेच नाही. 1980 च्या सुमाराचे अमेरिकेचे किनारे आहेत. 1990 च्या ‘द सेकंड कमिंग’मध्ये रचना अधिक बांधीव झाली आणि झुबिन बालापोरिया यांच्या कळफलकाच्या वाद्याने तिला पोत दिला. पण कापड आपले आणि छपाई परक्या नमुन्याची, ही स्थिती फारशी पालटली नाही.

1991 मध्ये उपग्रहाद्वारे एमटीव्ही ही संगीतवाहिनी भारतात दिसू लागली. ‘प्रिटी चाइल्ड’ या त्यांच्या गाण्याच्या चित्रफितीस त्या वाहिनीचा आशियाई पुरस्कार मिळाला, आणि मुंबईच्या मुलांची गाणी परदेशी घराघरांत पोहोचली. बहुधा याच सुमारास त्यांना स्वतःच्या नावाचा विचार करावा लागला असावा. ‘रॉक मशीन’ हे नाव कोणत्याही शहरातील कोणत्याही वाद्यवृंदाला चालले असते. नवे नाव ‘इंडस क्रीड’, म्हणजे सिंधूचे श्रद्धासूत्र, हे मात्र भारदस्त. आमच्या मते ते जरा जास्तच भारदस्त. 1995 मध्ये याच नावाची ध्वनिमुद्रिका निघाली, तीत भारतीय नादाकडे वळण्याची इच्छा स्पष्ट दिसते. इच्छा दिसते, एवढेच आम्ही म्हणू. कारण देशी रंग पुष्कळ ठिकाणी वरून शिंपडल्यासारखा वाटतो, गाण्याच्या मुळातून फुटल्यासारखा नाही.

त्याच 1995 साली अलिशा चिनॉय यांची ‘मेड इन इंडिया’ ही हिंदी ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि अमाप खपली. ध्वनिमुद्रण कंपन्यांचे लक्ष हिंदी पॉपकडे गेले. इंग्रजीत गाणाऱ्यांना गिऱ्हाईक उरेना. दोन वर्षांनी ‘इंडस क्रीड’ विखुरला. बेनेगल आणि जयेश गांधी (हे दुसरे नाव सुरतेच्या कोणत्याही पेढीच्या पाटीवर शोभावे) न्यू यॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा नवा प्रपंच मांडला.

मग दोष इंग्रजीचा काय? असे म्हणणे सोपे आहे, आणि कोंकणीतील एक उदाहरण त्यास पुष्टी देईल. मडगावच्या बोर्डा येथील ख्रिस पेरी हे ट्रम्पेटवादक मुंबई-कलकत्त्यात पाश्चात्त्य वाद्यवृंद चालवीत असत. तीच वाद्ये, तोच जॅझचा ठेका घेऊन त्यांनी कोंकणी गीते रचली आणि लॉर्ना कोर्देरो यांच्याकडून गाऊन घेतली. 1971 चे ‘बेबदो’ आजही गोव्यात लग्नाच्या मांडवात वाजते, आणि या गाण्यांच्या आधारावर उभारलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला. पुरस्कार देणारी वाहिनी नसताना ही गाणी टिकली, हे खरे. परंतु पेरींच्या कोंकणीला गोव्याची वाडी, पेद्रूची खानावळ, तियात्राचा प्रेक्षक पाठीशी होता. बेनेगल-तिनईकरांच्या मुंबईत मित्रमंडळींच्या बोलण्याची भाषा इंग्रजीच झालेली होती. त्यांनी ओढूनताणून कोंकणीत वा मराठीत गायिले असते तर तीही एक नक्कलच झाली असती. दोष भाषेचा नव्हता. आपण ज्या गल्लीत राहतो तिचा नाद गाण्यात यावयास त्यांना फार वेळ लागला, हे आमचे म्हणणे आहे.

तो नाद आला 2012 साली, ‘इव्हॉल्व्ह’मध्ये. पुनर्मीलनानंतर बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया या जुन्या तिघांना रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे तरुण साथीदार मिळाले. येथे कोणी तरुण दिसण्याची धडपड करीत नाही. गाणी सावकाश चढतात. ‘फायरफ्लाइज’मध्ये तर बेनेगलांचा आवाज ओरडण्याचा मोह टाळून बोलल्यासारखा उतरतो. सतार नाही, तबला नाही, नावातील सिंधूचा मुद्दाम पुरावा नाही; आणि तरीही हे गाणे अन्य कोणा वाद्यवृंदाचे आहे असे वाटत नाही. ज्या पिढीने त्यांना रंगभवनात ऐकले ती तोवर संसारात पडलेली होती, आणि नव्या पिढीपुढे ऐकण्यासारखे पुष्कळ होते. त्यामुळे या ध्वनिमुद्रिकेचा जेवढा बोलबाला व्हावयास हवा होता तेवढा झाला नाही.

ज्या वाचकांच्या घरी गिटार शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, त्यांनी त्यांस प्रथम ‘इव्हॉल्व्ह’ ऐकवावी आणि मागाहून ‘रेनिगेड’ लावावी. उलट क्रमाने लावल्यास पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील झगमगाटच पोर उचलील, आणि आमच्या मंडपात नकलाकारांची भर पडेल.