वर्तुळ आणि चौकट : वाशिम जिल्ह्यातील बंजारा नृत्याच्या समकालीन आविष्काराची चिकित्सा

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'तील काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांची कथा वाशिमच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. रुसून निघून गेलेल्या काव्यपुरुषाच्या मागोमाग ही वधू प्रदेशाप्रदेशांतून फिरते आणि अखेरीस विदर्भातील वत्सगुल्म नगरीत, म्हणजेच आजच्या वाशिममध्ये, त्यांचा विवाह होतो. आपल्याकडे या कथेचा उल्लेख बहुधा स्थानिक गौरवापुरता केला जातो. वास्तविक त्या कथेत एक उपयुक्त विभागणी आलेली आहे. वेशाची रचना ती प्रवृत्ती, नृत्यादी विलासाची रचना ती वृत्ती आणि वचनाची रचना ती रीती. वेश, विलास आणि वचन या तिन्हींचा मेळ ज्या नगरीत बसला, त्याच नगरीच्या परिसरात आज हा मेळ कसा विस्कटत आहे, हे बंजारा नृत्याच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, विशेषतः मानोरा तालुक्यात, गोर बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येने आहेत. संत सेवालाल महाराजांचे पोहरादेवी हे तीर्थक्षेत्रही याच तालुक्यात आहे. होळीची लेंगी आणि श्रावणातील तीज ही या समाजाच्या नृत्याची दोन प्रमुख निमित्ते. तिजेत अविवाहित मुली लहान टोपल्यांत गहू पेरतात, रोज त्यांना पाणी घालतात आणि त्यांच्याभोवती फेर धरून गातात. नायकाची परवानगी घेऊन आरंभलेला हा सोहळा अनेक दिवस चालतो. अंकुर वाढतात तसे गाणेही वाढत जाते. या नृत्याचे केंद्र टोपलीत आहे. नाचणारीची पाठ बाहेरच्या जगाकडे असते आणि तोंड मैत्रिणींकडे. याला दर्शनी बाजू नाही. म्हणून याला काटेकोर अर्थाने प्रेक्षकही नाही. जी बघत उभी आहे, तिला थोड्याच वेळात हाताला धरून आत ओढले जाते.

वर्तुळाची ही रचना केवळ सोयीची नाही. गाणारा कंठ आणि नाचणारा देह येथे एकच असतो. एका बाजूने ओळ उठते, दुसरी बाजू ती झेलते. टाळी आणि पाऊल त्या ओळीच्या लांबीवर ठरते. फेटियाचा घेर जड असतो, आरसे व नाणी यांचे वजन वेगळे. त्यामुळे कमरेत वाकून उठण्याची गती संथ राहते. लेंगीत थट्टा आणि सवालजबाब आहेत, ऐनवेळी रचलेली कडवी आहेत. गोरमाटी बोलीला स्वतंत्र लिपी प्रचलित नाही आणि आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही; २०११ च्या जनगणनेत तर ती हिंदीखालीच मोजली गेली. अशा भाषेचे साहित्य बव्हंशी कंठात आणि पावलांत राहते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते.

हे नृत्य रंगमंचावर आले ते प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून आणि युवक महोत्सवांतून. ते आणण्यात आपण प्राध्यापक मंडळीच पुढे होतो, हे मान्य केले पाहिजे. मंच तीन बाजूंनी बंद, चौथी परीक्षकांची. साहजिकच वर्तुळ उघडले, अर्धचंद्र झाले, पुढे सरळ ओळ झाली. मुदत ठरावीक मिनिटांची असल्याने लय वाढली. नाचणाऱ्या मुलींच्या तोंडून गाणे गेले आणि ते ध्वनिक्षेपकाकडे, पुष्कळदा ध्वनिमुद्रित फितीकडे, सोपविले गेले. प्रस्तुत लेखकाने स्वतः अशा स्पर्धांत परीक्षक म्हणून वेशभूषा, समन्वय आणि ऊर्जा या रकान्यांत गुण दिले आहेत. गाणे कोणाच्या तोंडी आहे, यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता, आणि तो नाही हे तेव्हा जाणवलेही नाही.

भ्रमणध्वनीच्या पडद्याने या प्रक्रियेला केवळ वेग दिला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले, तेव्हा त्यांची मर्यादा पंधरा सेकंदांची होती. ती नंतर वाढत गेली. उभ्या चौकटीत फेर मावत नाही. मावते ती एक व्यक्ती, फार तर तीन. आरशांचा पोशाख या चौकटीत विलक्षण खुलतो. म्हणून प्रवृत्ती सर्वांत आधी प्रवास करते. वृत्ती अर्धी पोचते: हात आणि चेहरा पोचतो, पाऊल बहुधा चौकटीखाली कापले जाते. रीती मात्र मागेच राहते. एकच तयार ध्वनिखंड शेकडो नर्तक वापरतात आणि तो अनेकदा हिंदी वा तेलुगू चित्रपटगीताचा असतो. राजशेखराची परिभाषा वापरायची तर वेश वत्सगुल्माचा आणि वचन परक्याचे, असा हा विवाह आहे.

तथापि, एवढ्यावरून ऱ्हासाचा निष्कर्ष काढणे एकांगी ठरेल. ऊसतोडीला वा बांधकामावर गेलेल्या कुटुंबांची होळी अनेकदा तांड्याबाहेरच होते. त्यांना गावची लेंगी याच पडद्यावर भेटते. महाराष्ट्रातील बंजारा, कर्नाटकातील लमाणी आणि तेलंगणातील लंबाडी यांची पावले शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोयही पूर्वी कधी नव्हती. एखाद्या चित्रफितीखाली 'आमच्याकडे हे पाऊल डावीकडून पडते' असे कोणी सांगते, तेव्हा नृत्याची चिकित्सा समाजातूनच सुरू झालेली असते. ती विद्यापीठीय चिकित्सेपेक्षा कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही.

समकालीन म्हणजे जलद आणि मिश्र, हा समज आपण दूरचित्रवाणीवरील स्पर्धांतून घेतला. भारतीय समकालीन नृत्याचा अनुभव वेगळे सांगतो. अस्ताद देबू (१९४७-२०२०) यांनी कथक आणि कथकली शिकून, लंडनमध्ये मार्था ग्रॅहम यांचे तंत्र अभ्यासून स्वतःची शैली घडविली. मणिपूरच्या पुंग वादकांबरोबर त्यांनी दीर्घकाळ काम केले. पण त्या वादकांचा वेश स्वतः चढवून त्यांच्या चालीची नक्कल केली नाही. वादक मंचावर वादक म्हणूनच राहिले. देबूंचा संथ, जवळजवळ थांबलेला देह त्यांच्या शेजारी उभा राहिला. दोघांतील अंतर त्यांनी लपविले नाही, हेच त्या प्रयोगांचे सामर्थ्य होय. आपल्या 'फ्युजन' बसविणाऱ्यांना हे अंतर सोसवत नाही. बंजारा पोशाखातील मुलींना हिपहॉपच्या उड्या मारायला लावणे हे धाडस नसून घाई आहे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे नंगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वस्तू जतन करण्याची ही व्यवस्था स्वागतार्ह आहे. परंतु फेर हा काचेच्या कपाटात ठेवता येत नाही, आणि समोरून टिपलेली चित्रफीत हे त्याचे अर्धेच दस्तऐवजीकरण आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांकडे आज कॅमेरे आहेत आणि गोरमाटी बोलणारे विद्यार्थीही वर्गात बसतात. कडवे कोणी रचले, कोणत्या तांड्यात, कोणत्या प्रसंगी, हे त्या बोलीतच नोंदवून चित्रफितीसोबत ठेवणे त्यांना अशक्य नाही.

अशा नोंदीचा एक नमुना नकळत तयार होऊ लागला आहे. तिजेच्या काही चित्रफिती फेरात नाचणाऱ्या मुलींनीच एका हातात भ्रमणध्वनी धरून घेतलेल्या दिसतात. त्यांत चौकट डळमळते, प्रकाश पुरेसा नसतो, पोशाख नीट दिसत नाही. चेहरे एकामागून एक जवळ येतात आणि सरकतात. मधेच टोपलीतला पिवळसर अंकुर दिसतो. गाणे दमलेल्या श्वासासकट ऐकू येते आणि ते गोरमाटीत असते. त्यांना दर्शक फार थोडे लाभतात.