पाऊणकीतला घोडा

आमच्या पाण्याच्या मोटरीवर बोटभर रुंदीची एक पाटी आहे. तिच्यावर ठोकलेलं आहे : ‘०.३७ किलोवॅट / ०.५ एचपी’. मधल्या तिरप्या रेघेशी जरा थांबून पाहा. रेघेच्या डावीकडचं एकक जेम्स वॅटच्या नावाचं, उजवीकडचं त्यानेच रूढ केलेलं. एकच माणूस दोन्ही बाजूंना उभा आहे आणि एवढ्याशा पाटीवरही ही भेट कुणीतरी इमानाने कोरून ठेवतो.

एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, अश्वशक्ती. उजवीकडचा हा घोडा हिशेबातून आला. आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करील, हे गिऱ्हाइकाला सांगायचं होतं, म्हणून १७८०च्या दशकात वॅटने चक्की फिरवणारा घोडा मापला. फेऱ्याची त्रिज्या १२ फूट, तासाला १४४ फेऱ्या, ओढ १८० पौंडांची. गुणाकार करून पाहा : मिनिटाला सुमारे १८१ फूट चाल, आणि काम ३२,५७२ फूट-पौंड. वॅटने ते ३३,००० केलं. हे पूर्णांकन मला फार देखणं वाटतं, कारण ६० ने भागलं की सेकंदाला ५५० उरतात, शेपटी न राहता. कारागिराला तोंडी वापरता येईल असा हा आकडा आहे.

हे सेकंदाचे ५५० फूट-पौंड वॅटांत नेले की ७४५.६९९… येतात. विजेच्या मोटरीसाठी मात्र घोडा सरळ ७४६ वॅटांचा धरतात. फरक जेमतेम ०.३ वॅटचा, अडीच हजारांत एक भाग. बेअरिंगच्या घर्षणातच त्याहून जास्त जातं. (मेट्रिक घोडा वेगळा, साधारण ७३५.५ वॅटांचा, मोटरीच्या पाटीवर त्याला शिरू देऊ नये.) ७४६ चा अर्धा ३७३, आणि पाटीवर ०.३७. तीन वॅट कुठे गेले?

इथेच या पाटीची खरी गंमत आहे. छोट्या मोटरींचे वॅट ओळीने वाचा : ६०, ९०, १२०, १८०, २५०, ३७०, ५५०, ७५०. पहिल्यांदा ही माळ लहरी वाटते. ३७० का, ४०० का नाही? आता प्रत्येक आकड्यात त्याचाच तिसरा हिस्सा मिळवा आणि हजाराने भागा. साठाचे ऐंशी, म्हणजे ०.०८ : घोड्याचा बारावा भाग. नव्वदाचे एकशेवीस : आठवा. एकशेवीसचे एकशेसाठ : सहावा. एकशेऐंशीचे दोनशेचाळीस : पाव. अडीचशे म्हणजे तिसरा हिस्सा, तीनशेसत्तर म्हणजे अर्धा, साडेपाचशे म्हणजे पाऊण, साडेसातशे म्हणजे पुरा घोडा. दशमानाच्या पोशाखात जुने अपूर्णांक बसलेले आहेत! ते तीन वॅट दशांश नीटनेटका ठेवण्यात गेले.

उलट दिशेने जायचं तर आपल्या आजोबांनी पाठ केलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढाच, पुरे. ७४६ म्हणजे किलोवॅटचा जवळजवळ पाऊण, तेव्हा जितके घोडे तितके पाऊण किलोवॅट. विहिरीवर ‘पाचची मोटर’ म्हणतात, तिचे पावणेचार, पाटीवर ३.७. ‘तीनची’, तिचे सव्वादोन, पाटीवर २.२. ‘साडेसातची’चे साडेपाचांच्या थोडे वर, पाटीवर ५.५. पाव, अर्धा, पाऊण, साडे यांना आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहेत, म्हणून हे रूपांतर मराठीत जिभेवर होतं, कागद लागत नाही.

एक बारकावा नजरेतून सुटतो. पाटीवरचे ३७० वॅट तारेतून येणारे नव्हेत. ते दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर मिळणारे. एवढ्या लहान मोटरीची कार्यक्षमता ६४ टक्के धरली, तर विजेकडून सुमारे ५८० वॅट घ्यावे लागतात. मिक्सरवर लिहिलेले ७५० वॅट मात्र बहुधा घेतल्या जाणाऱ्या विजेचे असतात. त्यांना ७४६ ने भागून ‘एक एचपीचा मिक्सर’ म्हणणं चूक. पाटीवरचा एचपी काम पदरात पडल्यावरच मोजला जातो, आणि या सचोटीसाठी मला तो वॅटांहून जवळचा वाटतो.

आता अगदी बारीक टोकाला जाऊ. भिंतीवरच्या घड्याळातही मोटरच असते. पेन्सिल सेलमधून २ वॅट-तास ऊर्जा मिळाली आणि ती वर्षभर पुरली असं धरलं, तर सरासरी शक्ती ०.२३ मिलिवॅट. हजाराने भागून वॅट करा, मग ७४६ ने भागा : ०.००००००३ एचपी. शून्यं मोजताना बोट चुकतं, पण उलटं मांडलं की डोळ्यांसमोर उभं राहतं : वॅटच्या त्या एका घोड्यावर अशी सुमारे तेहेतीस लाख घड्याळं टिकटिकतील.