शिला आणि श्लोक : तिरुचिरापल्लीच्या गुहामंदिरांचे वाचन

तिरुचिरापल्ली शहराच्या मध्यभागी सुमारे ८३ मीटर उंचीचा एक प्रचंड खडक उभा आहे. त्याच्या माथ्यावर उच्ची पिळ्ळैयार या नावाचे गणपतीचे देऊळ आहे. मधल्या टप्प्यावर तायुमानस्वामी या नावाने पुजल्या जाणाऱ्या शिवाचे विस्तीर्ण देवालय आहे. या देवालयाकडून माथ्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या बाजूस एक दक्षिणाभिमुख गुहा कोरलेली आहे, आणि दुसरी गुहा खडकाच्या पायथ्याशी आहे. उत्तरेस कावेरी वाहते व तिच्या पलीकडे श्रीरंगमचे बेट दिसते. या परिसरातील प्राचीन मंदिरे पाहावयास जाणारा अभ्यासक बहुधा या खडकापासून आरंभ करतो आणि पुढे दक्षिणेस पुदुक्कोट्टैच्या बाजूस नार्त्तामलै, कुडुमियान्मलै या स्थळांकडे वळतो. प्रस्तुत लेखात या स्थळांचे वर्णन करावयाचे नसून, ती कशी वाचावी या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

दक्षिणेतील शैलगृहांचा अभ्यास आजवर दोन वाटांनी होत आला आहे. मूर्तिशास्त्राचा व स्थापत्याचा अभ्यासक स्तंभ, द्वारपाल, अधिष्ठान यांची लक्षणे पाहून काल ठरवितो. लेखविद्येचा अभ्यासक शिलालेखाचा ठसा घेऊन त्यातून राजाचे नाव, त्याची बिरुदे आणि वंशक्रम काढतो. पहिल्याला लेख म्हणजे कालनिर्णयाची चिठ्ठी वाटते. दुसऱ्याला मूर्ती म्हणजे लेखाभोवतीची सजावट वाटते. दोन्ही वाटा आवश्यक आहेत. परंतु ज्या ठिकाणी लेख हा काव्य आहे आणि शिल्पाच्या शेजारीच कोरलेला आहे, तेथे या वाटणीने कृतीचाच भंग होतो. तिरुचिरापल्लीची वरची गुहा हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

ही गुहा पल्लव नृपती पहिला महेंद्रवर्मा (सुमारे इ. स. ६०० ते ६३०) याने कोरविली. गुहेतील लेखात तिचे नाव ‘ललितांकुर-पल्लवेश्वर-गृह’ असे आले आहे. ललितांकुर हे महेंद्राचेच एक बिरुद. मंडगपट्टू येथील लेखात या राजाने वीट, लाकूड, धातू आणि चुना यांवाचून ब्रह्मा, ईश्वर व विष्णू यांसाठी मंदिर निर्माण केल्याचे अभिमानाने सांगितले आहे. त्याच्या इतर गुहा बहुतेक काळच्या तोंडैमंडलात, म्हणजे कांचीच्या प्रदेशात आहेत, आणि त्यांत द्वारपालांपलीकडे मूर्तिकाम फारच थोडे आढळते. त्यामुळे तिरुचिरापल्लीच्या गुहेतील पश्चिम भिंतीवरचे गंगाधराचे भव्य शिल्पपट हा ‘महेंद्रशैली’चा अपवाद म्हणून नोंदला जातो. झूव्हो-द्युब्रेय व लाँगहर्स्ट यांच्या ग्रंथांनी रूढ केलेली शैलींची क्रमवारी मूल्यवान आहे यात संशय नाही. तथापि अपवाद म्हणून नोंद करणे म्हणजे कारण सांगणे नव्हे. हा अपवाद नेमका येथेच का घडला, याचे उत्तर शैलीच्या तक्त्यात मिळत नाही. ते शिल्पाच्या दोन्ही बाजूंच्या अर्धस्तंभांवर कोरलेल्या संस्कृत श्लोकांत मिळते.

प्रथम शिल्प पाहू. शिव चतुर्भुज असून त्याचा एक पाय एका गणाच्या मस्तकावर टेकलेला आहे. वरच्या उजव्या हाताने त्याने आपल्या जटेची एक बट पुढे धरली आहे आणि तीवर लहानशा स्त्रीरूपात गंगा उतरत आहे. दोन्ही बाजूंस भक्त आहेत, वर आकाशगामी विभूती आहेत. समोरच्या, म्हणजे पूर्वेकडील भिंतीत गाभारा आहे. तो आज रिकामा आहे. घारापुरीचे गंगाधरशिल्प ज्यांनी पाहिले आहे अशा मराठी वाचकाला येथे एक गोष्ट चटकन जाणवावयास हवी : या पटात पार्वती नाही. घारापुरीस शिवाच्या डाव्या अंगास पार्वती उभी आहे, आणि तिच्या किंचित दूर झुकलेल्या देहात सवतीमत्सराचा भाव रसिकांनी पुष्कळदा वाचला आहे. तिरुचिरापल्लीच्या शिल्पकाराने तिला का वगळले?

आता श्लोकांकडे वळू. एका श्लोकाचा आशय असा : शिवाला नद्यांची आवड आहे, तेव्हा नेत्रांना सुख देणारी, उपवनांची माळ ल्यालेली कावेरी पाहून तो तिच्यावरही लुब्ध होईल अशी शंका येऊन हिमालयाची कन्या आपल्या पित्याचे कुळ सोडून या पर्वतावर कायमची राहावयास आली आहे, आणि ही नदी पल्लवाची प्रिया आहे असे ती सांगत असते. शिल्पात नसलेली पार्वती येथे आहे. ती मूर्तीत दाखविलेली नाही, कारण श्लोकात ती पर्वतावरच वस्तीस आली आहे. शिल्पात गंगा उतरते, श्लोकात कावेरी वाहते, आणि गुहेबाहेर येणाऱ्यास खरोखरीची कावेरी दिसते. मूर्ती, शब्द आणि भूप्रदेश या तिहींची मिळून ही एक रचना आहे. त्यांपैकी एकही अंग वेगळे काढल्यास तिचा अर्थ उणा पडतो. गंगाधराचाच विषय येथे का निवडला गेला, याचे उत्तरही हेच आहे : नदीला मस्तकी धारण करणारा देव या नदीकाठाखेरीज अन्यत्र इतका सार्थ झाला नसता.

परंतु श्लोकाच्या माधुर्यावर संतुष्ट होऊन थांबणे योग्य नव्हे. कावेरीचा प्रदेश हा चोळांचा प्रदेश. दुसऱ्या एका श्लोकात शिव राजाला विचारतो की, भूमीवरच्या मंदिरात राहून मला चोळांचे वैभव आणि कावेरी नदी कशी दिसणार? तेव्हा गुणभर राजाने त्याला हे मेघांना भिडणारे गिरिगृह दिले. आणखी एका श्लोकात हा पर्वत म्हणजे चोळदेशाचा मुकुट आणि हे हरमंदिर म्हणजे त्या मुकुटातील मुख्य रत्न असे म्हटले आहे. जिंकलेल्या देशाचा मुकुट पल्लवाच्या देवाच्या हाती आला, आणि त्या देशाची नदी पल्लवाची प्रिया ठरली. तेही खुद्द देवीच्या मुखाने. शृंगाराच्या परिभाषेत मांडलेली ही सत्तेची घोषणा होय. देवाची इच्छा पुरविण्यासाठी गुहा कोरली असे राजा म्हणतो. पण देवाला जी दृष्टी दिली आहे ती राजाचीच आहे. हे काव्य केवळ प्रशस्ती म्हणून बाजूस सारणारा इतिहासकार आणि केवळ भक्ती म्हणून नमस्कार करणारा यात्रिक, दोघेही त्यातील हा आशय गमावतात.

या श्लोकांमुळे निर्माण झालेले दोन वाद येथे तपासणे अगत्याचे आहे. कारण दोहोंचा संबंध श्लेषाशी आहे, आणि श्लेष हा साहित्याच्या अभ्यासकाचा खास विषय.

पहिला वाद प्रतिमेचा. राजाने शैलशिखरावरील गृहात शिलामय देह स्थापून ‘स्थाणू’ या शिवाच्या नावास सार्थता आणली आणि त्याबरोबर स्वतःही लोकांत स्थाणू, म्हणजे स्थिर झाला, असे एका श्लोकात म्हटले आहे. अन्यत्र टाकीने सत्यसंधाची शिलामय तनू घडविली आणि तिनेच त्याची कीर्तिमय, शाश्वत तनू घडली असे वर्णन आहे. हुल्ट्श यांनी १८९० साली हे लेख प्रसिद्ध केले, तेव्हा गुहेत राजाची एक स्वतंत्र मूर्ती असावी असा अर्थ लावला. पुढे लॉकवूड आणि भट यांनी गंगाधराची मूर्ती हीच एकाच वेळी शिवाची आणि महेंद्राची प्रतिमा आहे असे प्रतिपादन केले. श्लोकाच्या बांधणीस दुसरे मत अधिक जवळचे आहे असे आम्हांस वाटते, कारण स्थाणू या एका शब्दात देव आणि राजा दोघांनाही बसविणे हाच कवीचा मुख्य खेळ आहे. मात्र येथे एक मर्यादा पाळली पाहिजे. शब्दातील श्लेष सिद्ध झाला म्हणून पाषाणातील श्लेष सिद्ध होत नाही. मूर्तीचा चेहरा राजाचा आहे हे ताडून पाहण्यास महेंद्राची निर्विवाद प्रतिमा आपल्यापाशी नाही. मामल्लपुरमच्या आदिवराह गुहेत सिंहविष्णू व महेंद्र अशी नावे कोरलेल्या राजप्रतिमा आहेत खऱ्या. पण तो महेंद्र पहिला की दुसरा याविषयीच मतभेद आहेत. तेव्हा श्लोक आपल्याला मूर्तीकडे पाहण्याची एक रीत शिकवितो, मूर्तीविषयी पुरावा देत नाही, एवढेच म्हणणे युक्त होईल.

दुसरा वाद धर्मांतराचा. लिंगाचा उपासक असलेल्या गुणभर राजाने या लिंगाच्या योगे, विपक्षाच्या वर्तनापासून परतलेले ज्ञान जगात दीर्घकाळ पसरावे, अशी इच्छा एका श्लोकात आहे. बाराव्या शतकातील सेक्किळार यांच्या पेरियपुराणात, जैन मताचा पल्लव राजा अप्पर या संताच्या प्रभावाने शैव झाला आणि त्याने गुणदर या नावाशी निगडित असे शिवमंदिर बांधले, अशी कथा आहे. नावाचे साम्य लक्षात घेऊन या श्लोकात महेंद्राच्या मतपरिवर्तनाची कबुली आहे असे पुष्कळ इतिहासग्रंथांत लिहिले गेले. हे अशक्य नाही. परंतु लिंग, लिंगी, विपक्ष हे सर्व शब्द न्यायशास्त्राच्या परिभाषेतील आहेत. लिंग म्हणजे अनुमानाचा हेतू; विपक्ष म्हणजे जेथे साध्याचा अभाव निश्चित आहे असे स्थळ; आणि खऱ्या हेतूने विपक्षापासून दूर राहिले पाहिजे हा त्या शास्त्राचा नियम. लिंगस्थापनेच्या वाक्यात कवीने संपूर्ण अनुमानप्रक्रिया गुंफली आहे. ही गोष्ट हुल्ट्श यांच्याही ध्यानात आली होती; पण पुढील लेखनात कथा उरली आणि श्लेष गळाला. ज्या वाक्याची घडणच दुहेरी अर्थासाठी झाली आहे, त्यातील एकच अर्थ काढून त्याला चरित्राचा पुरावा बनविणे धोक्याचे आहे. महेंद्राच्या काव्यरुचीविषयी शंका घेण्यास जागा नाही : कापालिक, पाशुपत आणि बौद्ध भिक्षू या सर्वांची थट्टा करणारे ‘मत्तविलास’ प्रहसन त्याचेच आहे. ते गणपतिशास्त्री यांनी १९१७ साली त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केले. अशा राजाच्या गुहेतील श्लोक सरळ निवेदन म्हणून वाचता येत नाही.

येथवरच्या विवेचनावरून प्रत्येक गुहा काव्याच्या साहाय्यानेच वाचावी असा नियम कोणी काढू नये. त्याच परिसरातील इतर स्थळे हा मोह आवरतात. खडकाच्या पायथ्याची गुहा सामान्यतः आठव्या शतकातील आणि पांड्यकालीन मानली जाते. तिच्यात शिव आणि विष्णू यांचे गाभारे समोरासमोर आहेत व मागच्या भिंतीवर गणपती, सुब्रह्मण्य, ब्रह्मा, सूर्य आणि दुर्गा यांचे पट ओळीने आहेत. येथे अर्थ देवतांच्या मांडणीतच आहे. वरच्या गुहेत एका मूर्तीभोवती एका राजाचे मन एकवटले आहे. खालच्या गुहेत देवतांची पंक्ती स्वतःच बोलते.

नार्त्तामलै येथे शब्दांचे कार्य पुन्हा निराळे आहे. तेथील विजयालय-चोळीश्वर हे वर्तुळाकार गाभाऱ्याचे सुंदर बांधीव मंदिर नावावरून चोळ राजा विजयालयाचे वाटते. परंतु तेथील तमिळ लेख सांगतो की ते मुत्तरैयर घराण्यातील सात्तन् भूती याने बांधले आणि पावसाने मोडल्यावर मल्लन् विडुमन् याने पुन्हा उभारले. समोरच्या पळियिलीश्वर गुहेतील लेखात पल्लव नृपतुंगाच्या सातव्या राज्यवर्षी सात्तन् पळियिली याने ती कोरविल्याची आणि त्याच्या कन्येने पुढील भर घातल्याची नोंद आहे. येथे श्लेष नाही, अलंकार नाही. व्यवहाराचे गद्य आहे. ते रूढ नावाचा भ्रम दूर करते आणि थोर राजवंशांच्या सावलीत झाकलेल्या मांडलिकांस, तसेच एका स्त्रीस, त्यांचा वाटा परत देते. या गद्याचे मोल महेंद्राच्या काव्याहून कमी नाही. त्याला प्रश्न मात्र वेगळे विचारले पाहिजेत.

कुडुमियान्मलै येथील लेख तर स्वरांचाच आहे. सात ग्रामरागांचे स्वरसमूह तेथे खडकावर खोदलेले आहेत. परममाहेश्वर राजाने, रुद्राचार्याच्या शिष्याने, ते रचले असे त्यात म्हटले आहे. राजाचे नाव नाही. पूर्वी तो महेंद्रच असे मानीत, आता ते निश्चित मानले जात नाही. हा लेख पंडित प्र. रा. भांडारकर यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या बाराव्या खंडात संपादित केला. संगीत जाणणाऱ्या एका महाराष्ट्रीय विद्वानाने तमिळ देशातील पाषाणाला वाचा दिली, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण केवळ लिपी जाणणाऱ्यास तो लेख अक्षरांची जंत्री वाटला असता.

मराठी समीक्षेत लेण्यांविषयी जे लेखन झाले आहे त्याचा भर प्रामुख्याने रूपावर आहे. यास कारणही आहे. घारापुरीचा शिलालेख पोर्तुगीज अमदानीत तेथून हलविला गेला आणि नष्ट झाला. त्या लेण्याच्या कर्त्याविषयी आपण नाण्यांवरून व शैलीवरून तर्क करतो. मुक्या पाषाणापुढे उभे राहून केवळ रूपाचा आस्वाद घेण्याची जी सवय आपणांस लागली, तिचे मूळ काही अंशी या नाशात आहे. पण जेथे पाषाण मुका नाही तेथेही तीच सवय नेणे म्हणजे समोरच्या वक्त्याकडे पाहत राहून त्याचे बोलणे न ऐकण्यासारखे आहे.

तेव्हा या परिसराच्या अभ्यासासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक स्थळी तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात : शिल्प काय दाखविते, लेख काय म्हणतो, आणि त्या जागेवरून काय दिसते. त्यानंतर या तिहींत कोठे मेळ आहे आणि कोठे विसंगती आहे ते पाहावे. महेंद्राच्या गुहेत तिन्ही एकमेकांस पूर्ण करतात, नार्त्तामलैस लेख नावास खोडून काढतो, पायथ्याच्या गुहेत मूर्तींची रचनाच पुरेशी होते. शैलीचा तक्ता हातात असावाच. पण ज्या गुहेत पार्वतीची मूर्ती नाही, त्याच गुहेतील श्लोकात ती का आहे, हा प्रश्न त्या तक्त्यातून कधीही निघाला नसता.