‘गॉडफादर’मधलं ते बारसं नव्हे

मराठीत ‘गॉडफादर’ म्हणजे ज्याचा वरदहस्त आहे असा माणूस. ‘राजकारणात त्याला कोणी गॉडफादर नाही,’ असं आपण सर्रास म्हणतो. मूळ शब्द मात्र चर्चमधल्या पाण्याच्या कुंडापाशी जन्मलेला आहे. बाप्तिस्म्याच्या, म्हणजे आपले वसईकर कॅथलिक ज्याला स्नानसंस्कार म्हणतात त्याच्या वेळी, बाळाच्या वतीने उत्तरं देतो तो धर्मपिता.

कपोलाच्या १९७२च्या चित्रपटातला तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. मायकल कॉर्लिओनी बहिणीच्या बाळाचा धर्मपिता म्हणून उभा आहे, ऑर्गन वाजतोय, आणि बाहेर त्याची माणसं एकेका शत्रूला गोळ्या घालतायत. ‘सैतानाचा त्याग करतोस का?’ ‘करतो.’ याला ढोंगाचं चित्र म्हणून आपण मोकळे होतो. ढोंग आहेच. पण विधी नीट पाहिला तर प्रसंग जास्त भयंकर होतो.

आता बघा, प्रश्न विचारलाय कोणाला? बाळाला. त्याचंही नाव मायकल! जुन्या विधीत धर्मगुरू बाळाला नावानिशी, एकवचनात विचारत आणि धर्मपिता बाळाचा आवाज होऊन उत्तर देई. (१९६९च्या सुधारित विधीत हे बदललं, आता आईवडील आणि धर्मपालक स्वतःच्या श्रद्धेची ग्वाही देतात.) म्हणजे मायकल इथे फक्त स्वतःविषयी खोटं बोलत नाही, तर एका तान्ह्या जिवाचं तोंड वापरतोय. आणि त्याच दिवशी त्या बाळाच्या बापालाही तो मारवणार आहे.

दुसरं, क्रम. विधीत आधी सैतानाचा त्याग, मग तेलाचा अभ्यंग, मग श्रद्धेचे प्रश्न. प्राचीन चर्चमध्ये अनेक ठिकाणी पश्चिमेकडे तोंड करून त्याग करत आणि पूर्वेकडे वळून श्रद्धा कबूल करत. आधी एक घर सोडायचं, मग दुसऱ्यात जायचं. कपोलाने हे उलटं केलंय: श्रद्धा आधी, त्याग नंतर. संकलनाच्या दृष्टीने फायदा उघड आहे, गोळ्या बरोब्बर त्यागाच्या शब्दांवर येतात. पण त्यात संस्काराची चाल हरवते, असं मला वाटतं. मायकल काही सोडूनच आत आलेला नाही, हे मूळ क्रमानेही दिसलं असतं, कदाचित जास्त बोचलं असतं.

मग हा संस्कार बाटला का? कॅथलिक उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. बाळाला आणणाऱ्यांचा हेतू वाईट असला तर काय, हा प्रश्न बॉनिफेस नावाच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात ऑगस्टिनने हाताळलाय. त्याचं म्हणणं, कृपा माणसाच्या लायकीवर अवलंबून नाही. पाणी ओतलं, त्रैक्याचं नाव घेतलं, बाळ ख्रिस्ताचं झालं. आणि गंमत म्हणजे, मोठ्या मायकललाही हेच लागू. त्याच्यावरचा शिक्काही न पुसणारा आहे. कॅमेऱ्याला हे दाखवता येत नाही, पण हे न धरता पाहिलं तर चर्च म्हणजे नुसती सजावट उरते.

पुझोच्या कादंबरीचा शेवट इथे आठवावा. तिथे के कॅथलिक होते आणि नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. चित्रपट तिच्या तोंडावर दार लावून संपतो.