तपकिरीच्या हस्तिदंती किसण्या

तंबाखूच्या घट्ट वळलेल्या कांडीपासून हातानेच तपकीर करण्याचे, हस्तिदंतात कोरलेले एक लहान उपकरण. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते मुख्यतः फ्रान्समध्ये व लगतच्या नेदर्लंड्स आणि जर्मन प्रदेशांत प्रचारात होते. महाराष्ट्रात तपकीर परिचित आहे ती डबीतील तयार भुकटीच्या रूपात. यूरोपात मात्र प्रारंभीच्या काळात तंबाखूची पाने भिजवून, पिळून, दोरीने आवळून तयार केलेली कांडी विकत मिळे. तिच्या आकारावरून फ्रेंच भाषेत तिला ‘गाजर’ असेच म्हणत. शौकिनाला ही कांडी किसूनच चिमूटभर तपकीर मिळवावी लागे. ‘किसणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून किसणीला ‘राप’, तर भरड तपकिरीला ‘रापे’ हे नाव पडले.

लिस्बन येथील फ्रेंच राजदूत झां नीको याने सु. १५६० मध्ये तंबाखू फ्रेंच दरबारी पाठविली. प्रथम औषध म्हणून घेतली जाणारी ही वस्तू शंभर वर्षांत शिष्टाचाराचा भाग बनली. मोल्येरच्या १६६५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या दाँ ज्वां या नाटकाचा प्रारंभच एका नोकराच्या तोंडच्या तंबाखूस्तुतीने होतो. १६७४ मध्ये फ्रान्समध्ये तंबाखूविक्रीचा राजकीय मक्ता सुरू झाला. या वाढत्या प्रतिष्ठेमुळे लाकडी किंवा धातूच्या साध्या किसणीच्या जोडीला हस्तिदंताची मौल्यवान किसणी आली.

तिची रचना साधी असे. साधारणपणे वीतभर लांबीच्या, अरुंद व किंचित बहिर्वक्र हस्तिदंती फळीची मागील बाजू कोरून पोकळ करीत व त्या पोकळीवर खरबरीत छिद्रांचा लोखंडी पत्रा बसवीत. कांडी पत्र्यावर घासली, की भुकटी छिद्रांतून पोकळीत उतरे व खालच्या टोकाशी असलेल्या शिंपल्याच्या आकाराच्या मुखातून हातावर घेता येई. फळीची पुढील बाजू कोरीव कामासाठी मोकळी राही. तेथील उत्थित शिल्पात व्हीनस व क्यूपिड, हंसरूप झ्यूसच्या सहवासातील लीडा, मद्यदेव बॅकस इत्यादी शृंगारिक व पौराणिक विषय प्रामुख्याने आढळतात. तथापि संतांच्या आकृत्या असलेल्या किसण्याही आहेत. मध्ये मुख्य प्रसंग, वर मुखवटा वा छत्र आणि खाली पट्ट्यांची व पानांची वेलबुट्टी ही मांडणी वारंवार दिसते. चौदाव्या लुईच्या दरबारातील अलंकरणकार झां बेरँ (१६४०–१७११) याच्या आकृतिबंधांची छाप तीवर स्पष्ट आहे.

अशा बहुतेक किसण्यांवर कारागिराचे नाव नसते. त्या सरसकट दिएप या फ्रेंच बंदराच्या नावावर घालण्याचा प्रघात आहे. पश्चिम आफ्रिकेशी असलेल्या व्यापारामुळे तेथे हस्तदंत येत व तेथील कोरीव काम प्रसिद्ध होते, हे खरे. परंतु तेथील कलावंत एका जागी राहिले नाहीत. फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य १६८५ मध्ये काढून घेण्यात आले. त्यानंतर देशत्याग केलेला दिएपचा डेव्हिड ल मार्शां (१६७४–१७२६) प्रथम एडिंबरोत व नंतर लंडनमध्ये हस्तिदंती व्यक्तिशिल्पे घडवीत होता. १६९४ मध्ये इंग्रज-डच आरमाराच्या तोफमाऱ्यात दिएप शहर बेचिराख झाले. मुद्राचित्रे तर सर्वत्र पोहोचत आणि कारागीर त्यांवरूनच प्रसंग उचलीत. त्यामुळे केवळ शैलीवरून गाव ठरविणे धोक्याचे ठरते.

या किसण्यांच्या रसग्रहणात एक मूलभूत दोष शिरला आहे. अनेकींचा लोखंडी पत्रा गंजून वा निघून गेला आहे आणि संग्रहालयात त्या कोरीव बाजू पुढे करून मांडल्या जातात. साहजिकच त्यांचे मूल्यमापन छोटी भित्तिशिल्पे समजून होते. आकृत्यांचा उठाव जितका जास्त व तपशील जितका दाट, तितके काम श्रेष्ठ मानले जाते. प्रत्यक्षात किसताना ही कोरीव बाजू तळहातात येते. बोटांना खुपणारे टोक आणि दाबाने तुटणारा सुटा अवयव हे येथे कौशल्य नसून दोष ठरतात. उत्तम किसणीत आकृती फळीच्या वक्रतेबरोबर वळते. उभ्या अरुंद क्षेत्रासाठी एक किंवा दोनच आकृत्या निवडलेल्या असतात आणि वस्त्राच्या लांब चुण्यांतून दृष्टी खालच्या शिंपल्याकडे नेली जाते. सामान्य किसणीत मोठ्या चित्रातील सगळा समुदाय दाटीवाटीने कोंबलेला असतो. पार्श्वभूमीला वाव राहत नाही व मुद्राचित्राची नक्कल उघडी पडते. काही नगांवर नाक, गुडघे असे उंच भाग झिजून गुळगुळीत झालेले दिसतात. विक्रेत्याच्या दृष्टीने ती हानी असली, तरी वस्तू हातात नांदल्याची ती खूण होय.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तयार दळलेली तपकीर सर्रास मिळू लागली. किसणीचे काम संपले व प्रतिष्ठेचा मान डबीकडे गेला. उपयोग सरताच नवी निर्मितीही थांबली, यावरून या कलेची मुळे केवळ अलंकरणात नव्हती हे दिसून येते.

या वस्तूंचा विचार हस्तिदंताच्या उगमापाशी आल्याशिवाय पुरा होत नाही. एका व्यसनाच्या सोयीसाठी व तिच्या मिरवणुकीसाठी हत्ती मारले गेले, हे कोरीव कामाच्या नाजुकपणामुळे झाकले जाऊ नये. भारतात १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने व त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हस्तिदंताच्या व्यापारावर बंधने घातली. १९८९ मध्ये आफ्रिकी हत्तीच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत अधिनियम २०२२ मध्ये अंमलात आला. त्यात १९१८ पूर्वीच्या, असाधारण कलामूल्य असलेल्या वस्तूंना सवलत आहे. अशा सवलतीमुळे कलासमीक्षेच्या निकषांना व्यावहारिक महत्त्व प्राप्त होते. केवळ दुर्मिळता व दाट नक्षी यांवरून ‘असाधारण’ हे विशेषण बहाल झाल्यास सामान्य किसण्याही बाजारात वाट काढतील. द्रव्य, उपयोग व आकार यांचा मेळ घालणाऱ्या मोजक्या किसण्याच त्या विशेषणास पात्र ठरतात.