तक्त्यावरची निळी नीला

रुधिराभिसरणाचा तक्ता बहुतेक शाळांच्या भिंतीवर असतो. त्यात रोहिण्या लाल आणि नीला निळ्या. ओळखीची खूण म्हणून हे ठीक. पण ती नुसती खूण आहे हे तक्ता सांगत नाही, पुष्कळदा शिकवणाराही सांगत नाही. त्यातून 'नीला' हे नावच साक्षीला उभे! मग ऑक्सिजन गेला की रक्त निळे होते, असे मुले धरून चालतात. प्रत्यक्षात ते गडद लाल असते. शीर निळसर दिसते ती त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशामुळे.

चूक परीक्षेपुरती असती तर लिहायचे कारण नव्हते. पण तिच्यामागून 'ऑक्सिजन कमी पडला की ओठ-नखे निळी पडतात' हा नियम येतो, आणि शिरपूर, चोपडा, यावल अशा सातपुड्यालगतच्या तालुक्यांत तो घातक ठरू शकतो. तिथल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. रक्तक्षय तर धुळे-जळगावात सगळीकडेच.

फळ्यावर हिशेब मांडून पाहा. निळेपणा डोळ्यांना दिसण्यासाठी केशवाहिन्यांतील दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावे लागते. हा अंदाज लुंड्सगार्ड या डॅनिश डॉक्टरांनी १९१९ साली मांडला. हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असेल तर हा एक तृतीयांश वाटा झाला. ७ ग्रॅमच असेल तर? दोन तृतीयांशांहून अधिक! तिथवर पोचण्याआधीच मूल अत्यवस्थ होईल. म्हणजे ऑक्सिजनची चणचण ज्याला आधी बाधते, तेच सर्वांत उशिरा निळे पडते, किंवा पडतच नाही. सिकलसेलमध्ये तर ऑक्सिजन घटला की आणखी पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन वाहिन्या तुंबवतात.

सावळ्या कातडीवर निळी झाक आणखी लपते. पाहायचीच तर जीभ आणि ओठांची आतली बाजू पाहावी. उलट, पौषातल्या थंडीत निळसर झालेली नखे बहुधा केवळ गारठ्याची असतात. २०२० नंतर गावोगाव पोचलेल्या ऑक्सिमीटरवरही विसंबता येत नाही. तो टक्केवारी दाखवतो, हिमोग्लोबिन किती आहे ते नाही.

तक्त्याखाली 'रंग केवळ ओळखीसाठी' एवढी ओळ आजच लिहिता येईल. आणि याच पाठात मुलांना घड्याळ लावून एकमेकांचे श्वास मोजायला शिकवावे. सिकलसेल असलेल्या मुलाला ताप, छातीत दुखणे किंवा धाप यांपैकी काहीही झाले, तर ओठांचा रंग न पाहता त्याला दवाखान्यात न्यायचे असते.